रक्तात अँटिबॉडी सापडतात, मग एचआयव्ही थांबत का नाही?

खाडीकाठ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तपासणी केंद्रात मी लॅबचं काम बघते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माणसं आधी गप्प होतात, आणि मग जे प्रश्न येतात त्यात एक हमखास असतो: "मॅडम, रक्तात अँटिबॉडी सापडल्या म्हणता. म्हणजे प्रतिकारशक्ती तयार झाली ना? मग गोळ्या कशाला?" कोविडनंतर अँटिबॉडी हा शब्द घरोघरी पोचला, आणि तिथे तो चांगल्या अर्थाने पोचला. त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे. रांगेत पंधरा माणसं उभी असताना त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी चाचणीबद्दल. रॅपिड किटच्या पट्टीवर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आधीच लावलेले असतात. रक्ताचा थेंब आणि वर बफर (किटसोबतचं द्रावण) टाकला की तो ओलावा पट्टीवरून पुढे सरकतो, रक्तात अँटिबॉडी असतील तर त्या तुकड्यांना धरतात आणि रेघ उमटते. (एका किटवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, तीन वेगवेगळ्या चाचण्या करतात.) ही रेघ एवढंच सांगते की शरीराची या विषाणूशी गाठ पडलेली आहे. त्या अँटिबॉडी विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवतात का, हे तिच्यावरून कळत नाही. आणि एचआयव्हीच्या बाबतीत बहुतेक अँटिबॉडी अडवत नाहीत.

का अडवत नाहीत? विषाणूच्या पृष्ठभागावर थोडीशीच उंचवटी असतात, सरासरी डझनभर. फ्लूच्या विषाणूवर ती शेकड्यांनी असतात. एचआयव्हीचं प्रत्येक उंचवटं तीन सारख्या भागांचं बनलेलं असतं, आणि प्रत्येक भागात जीपी१२० आणि जीपी४१ अशी दोन प्रथिनं. जीपी१२० आपल्या टी पेशीवरच्या (ही प्रतिकारशक्तीची एक पेशी) सीडी४ नावाच्या रेणूला चिकटतं, मग सीसीआर५ नावाच्या दुसऱ्या रेणूला, आणि त्यानंतर जीपी४१ विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून टाकतं. विषाणूला थोपवायचं तर हे होण्याआधी उंचवट्याला बरोबर जागी धरायला हवं.

आता अडचणी बघा. जीपी१२०च्या वजनातला साधारण अर्धा भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो. ही साखर विषाणू आपल्याच पेशीतून घेतो, त्यामुळे शरीराला ती परकी वाटत नाही. साखरेच्या मधून प्रथिनाचे जे वेटोळे बाहेर दिसतात ते सतत बदलतात. विषाणू आपल्या आरएनएची डीएनएत नक्कल करतो तेव्हा चुका तपासणारी सोय त्याच्याकडे नसते, आणि उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. शिवाय तुटकी, अर्धवट प्रथिनं रक्तात फिरत असतात. शरीर पुष्कळ अँटिबॉडी त्यांच्याविरुद्धच बनवत बसतं.

परिणाम असा की लागणीनंतर काही महिन्यांनी चांगल्या अँटिबॉडी तयार होतात खऱ्या, पण त्या रुग्णाच्या शरीरात काही महिन्यांपूर्वी असलेल्या विषाणूला अडवतात. आजचा विषाणू तोवर बदललेला असतो.

पण काही थोड्या माणसांच्या शरीरात, दोन-तीन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा, अशा अँटिबॉडी तयार होतात की ज्या जगभरातल्या नाना जातींच्या एचआयव्हीला अडवतात. अगदी जबरदस्त अशा तर शंभरात एखाद्याच्याच. त्यांना ते कसं जमतं, यावर इथे चर्चा व्हावी असं वाटतं. जाणकारांनी भर घालावी.

हर्णैकर

ताई, फार उपयोगी धागा. एक शंका. कोविडची लस वर्षभरात आली. एचआयव्हीचा विषाणू १९८३ साली सापडला, आपल्या देशात १९८६ मध्ये चेन्नईत पहिले रुग्ण कळले. एवढ्या वर्षांत लस का नाही? पैसा नाही म्हणून, की खरंच जमत नाही म्हणून?

खाडीकाठ

हर्णैकर दादा, पैसा पुष्कळ लागलाय यावर. अडचण मुळातली आहे. कोविड झालेली बहुतेक माणसं आपली आपण बरी होतात. म्हणजे शरीराला उत्तर माहीत असतं, लसीने ते आधीच शिकवायचं असतं. एचआयव्हीतून आपोआप बरं होणं जवळजवळ घडतच नाही, कारण तो स्वतःचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घालून ठेवतो. एकदा तिथे बसला की अँटिबॉडीला तो दिसतच नाही. त्यामुळे लसीला त्याला दारातच थांबवावं लागतं, आणि तेही त्याच्या सगळ्या रूपांना. थायलंडच्या मोठ्या चाचणीचा निकाल २००९ मध्ये आला, त्यात ३१ टक्के संरक्षण दिसलं. आजवर मोठ्या चाचण्यांत लसीने दिलेला सगळ्यात बरा आकडा तोच.

सुरूचंबन

मूळची गुहागरची, सध्या पुण्यात विषाणूंवर पीएचडी करतेय. खाडीकाठ ताई, तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की आता पुढचं लिहिल्यावाचून राहवत नाही.

या अँटिबॉडी उंचवट्यावरच्या मोजक्याच जागा धरतात. पाच मुख्य जागा सांगते, पण पहिलीवर जास्त बोलते.

पहिली जागा म्हणजे जीपी१२० जिथे सीडी४ला चिकटतं ती. इथे विषाणूची पंचाईत आहे. बाकी सगळं बदललं तरी ही जागा फार बदलता येत नाही, बदलली तर त्याला स्वतःलाच पेशीत शिरता येणार नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या लस संशोधन केंद्राने व्हीआरसी०१ नावाची अँटिबॉडी जाहीर केली. १९० जातींवर तपासली तेव्हा तिने सुमारे ९० टक्के जाती अडवल्या. तिची रचना पाहिली तेव्हा कळलं की ती सीडी४ ज्या कोनातून येतो जवळपास त्याच कोनातून येते आणि तिथेच बसते. सीडी४ला लागणारी जागाच तिने व्यापलेली असते. १९९० च्या दशकातली बी१२ही याच भागावर बसायची, पण थोडी तिरकी. त्यामुळे तिला कितीतरी कमी जाती अडवता आल्या. एवढ्याशा कोनाने एवढा फरक पडतो, हे मला आजही थक्क करतं.

दुसरी जागा उंचवट्याच्या माथ्यावर. २००९ मध्ये आफ्रिकेतल्या एका दात्याच्या रक्तातून पीजी९ आणि पीजी१६ मिळाल्या. त्यांच्या टोकाचा एक भाग नेहमीच्या अँटिबॉडीपेक्षा खूप लांब असतो. तो साखरेच्या दोन साखळ्यांच्या फटीतून आत जातो आणि साखर व प्रथिन दोन्ही धरतो. म्हणजे जे कवच विषाणूला वाचवतं तेच यांच्या पकडीला कामी येतं. तिसऱ्या जागेवर, एन३३२ नावाच्या साखरेभोवती, पीजीटी१२१ आणि १०-१०७४ बसतात. तिथेही हाच प्रकार. चौथी जागा जीपी४१ची अगदी बुडाशी, आवरणाला लागून. २०१२ ची १०ई८ तिथे बसते, आणि तपासलेल्या जातींपैकी ९८ टक्के तिने अडवल्या होत्या. पाचवी जीपी१२० आणि जीपी४१ यांच्या सांध्यावर.

आता हे ९०, ९८ टक्के मोजतात कसं, तेही सांगते, कारण माझं रोजचं काम तेच आहे. रुग्णांकडून आलेल्या वेगवेगळ्या विषाणूंची फक्त उंचवटी घेऊन नकली विषाणू बनवतात. हा पेशीत एकदाच शिरू शकतो, वाढू शकत नाही, त्यामुळे काम सुरक्षित होतं. बरोबर टीझेडएम-बीएल नावाच्या पेशी घेतात. त्यांच्यात काजव्याच्या प्रकाशाचं जनुक घातलेलं असतं. हो, मिरगाआधी आपल्याकडे झाडं लखलखतात ना, त्याच ल्युसिफरेजचं. विषाणू पेशीत शिरला की ते जनुक चालू होतं आणि त्यात उजेडासाठी लागणारं रसायन टाकल्यावर खळगा उजळतो. प्लेटमध्ये ९६ खळगे. एका बाजूपासून अँटिबॉडी तिप्पट-तिप्पट पातळ करत जायची, त्यात विषाणू घालायचा, तासभर थांबायचं, मग पेशी. दोन दिवसांनी यंत्रावर उजेड मोजायचा. ज्या मात्रेला उजेड निम्म्यावर येतो तो आकडा लिहायचा. मग दुसऱ्या देशातला विषाणू घेऊन पुन्हा तेच. अशा शेकडो जाती झाल्या की "इतके टक्के" म्हणता येतं.

निवृत्त मास्तर

जैतापूरच्या खाडीवर आयुष्य गेलं, म्हणून माझ्या परीने सांगतो, चुकलं तर मुलीने सुधारावं. बोटीला रंग कुठलाही द्या, नाव बदला, शीड बदला, पण बंदरात यायचं तर खाडीच्या तोंडातूनच यावं लागतं. ज्याने रंग ओळखून पाळत ठेवली तो फसणार. जो तोंडावर उभा राहिला त्याच्या हाती सगळ्या बोटी लागणार. बरोबर समजलो का? आणि तसं असेल तर सगळ्यांच्याच शरीराने तोंडावरच उभं राहायला हवं. का राहत नाही?

सुरूचंबन

मास्तर, नमस्कार. अगदी बरोबर समजलात. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच लस संशोधकांची सगळी मेहनत चाललीय.

सीडी४ची जागा खोलगट आहे, आजूबाजूला साखर आहे. अँटिबॉडी सुरुवातीला ज्या कच्च्या रूपात असते त्या रूपात ती तिथे बसतच नाही. बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, लसिकाग्रंथींत स्वतःच्या अँटिबॉडीच्या जनुकात थोडे थोडे बदल करत जातात, त्यातल्या बऱ्या पेशी टिकतात, पुन्हा बदल, पुन्हा निवड. नेहमीच्या अँटिबॉडीत मूळ जनुकापासून ५ ते १० टक्के फरक पडतो. व्हीआरसी०१ मध्ये तो ३० टक्क्यांच्या आसपास आहे. इतकं दूर जायला वर्षं लागतात, आणि मध्ये विषाणूनेही योग्य वेळी योग्य ते बदल दाखवावे लागतात. २०१३ मध्ये आफ्रिकेतल्या एका रुग्णाचा लागणीच्या सुरुवातीपासूनचा माग जाहीर झाला. विषाणू निसटत गेला, अँटिबॉडी त्याच्या मागोमाग बदलत गेली, आणि शेवटी ती पुष्कळ जातींना अडवणारी झाली. त्या बिचाऱ्या माणसाला मात्र त्याचा फायदा झाला नाही, त्याच्या शरीरातला विषाणू पुढेच राहिला.

म्हणून आता लस टप्प्याटप्प्याने द्यायचा विचार आहे. पहिला डोस फक्त त्या दुर्मीळ कच्च्या बी पेशींना जागं करण्यासाठी. २०२२ मध्ये अशा पहिल्या डोसचा निकाल आला, ३६ पैकी ३५ जणांत हव्या त्या पेशी जाग्या झाल्या. हा फक्त आरंभ आहे. पुढचे डोस त्या पेशींना योग्य दिशेने नेतात का, ते अजून पूर्ण सिद्ध व्हायचंय.

कातळसडा

उत्तम चर्चा. पण मग लसीची वाट कशाला? व्हीआरसी०१ कारखान्यात बनवून सरळ टोचायची. कोविडमध्ये अशी इंजेक्शनं होतीच की.

सुरूचंबन

तेच करून बघितलं. दोन मोठ्या चाचण्या, मिळून ४,६०० हून जास्त निरोगी माणसं, दर ८ आठवड्यांनी सलाईनमधून व्हीआरसी०१. निकाल २०२१ मध्ये आला: एकूण लागण थांबली नाही. पण आलेल्या विषाणूंची वर्गवारी केली तेव्हा महत्त्वाची गोष्ट दिसली. जे विषाणू प्रयोगशाळेत थोड्याशा व्हीआरसी०१ ने अडतात, त्यांची लागण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाली. असे विषाणू त्या भागांत ३० टक्क्यांच्या आसपासच होते, म्हणून एकूण आकडा पडला.

यातून दोन गोष्टी शिकता आल्या. अँटिबॉडीने माणसात संरक्षण मिळू शकतं, हे पहिल्यांदा दिसलं. आणि प्रयोगशाळेतला "९० टक्के" हा आकडा भरपूर मात्रा धरून काढलेला असतो, रक्तात आठवड्यांनंतर उरते तेवढ्या मात्रेला तो लागू पडत नाही. म्हणजे मास्तरांच्या खाडीच्या तोंडाशीसुद्धा विषाणूला थोडंफार वळण घेता येतं. ज्यांना आधीच लागण आहे त्यांना एकच अँटिबॉडी दिली तर प्रतिरोधक विषाणू वर येतात, हेही दिसलंय. म्हणून आता दोन-तीन वेगवेगळ्या जागा धरणाऱ्या एकत्र देतात. तीन जागी एकदम बदल करणं विषाणूला अवघड जातं. त्यांच्या शेपटीकडच्या भागात छोटा बदल करून त्या रक्तात काही महिने टिकतील अशाही केल्यात.

आपल्या देशाचा मुद्दा मला आवर्जून मांडायचाय. भारतात मुख्यतः सी उपप्रकार आहे, जगातल्या जवळपास निम्म्या लागणी याच्याच. २जी१२ आणि २एफ५ या जुन्या, नावाजलेल्या अँटिबॉडी सी वर बहुतेक वेळा चालतच नाहीत, कारण २जी१२ला लागणारी एक साखर सी मध्ये सहसा नसते आणि २एफ५ जिथे धरते तिथलं एक अमिनो आम्लच वेगळं आहे. तिकडच्या विषाणूवर तपासलेलं औषध इकडे चालेलच असं धरून चालता येत नाही. फरिदाबाद, दिल्ली, पुणे इथे आपल्या विषाणूंवर काम चाललंय ते म्हणूनच मोलाचं आहे.

कातळसडा

समजलं. आणि ते वर्षातून दोनदा घ्यायचं नवं इंजेक्शन? तीही अँटिबॉडीच ना?

खाडीकाठ

नाही. लेनाकापाविर म्हणत असाल तर ते रासायनिक औषध आहे, विषाणूच्या आतल्या कवचावर काम करतं. २०२४ च्या आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांवर मुली-बायकांत एकही लागण झाली नाही. मोठीच गोष्ट आहे, पण या धाग्यातली नव्हे.

पांदीवरची

खाडीकाठ बाय, सगळा वाचलंय. माका एक इचारूचा आसा. आवशीक एचआयव्ही आसलो तर पोटातल्या पोराक तिच्या अँटिबॉडी मिळतत ना? मगे त्येंचो त्या पोराक उपेग होता काय? आमच्या वाडीतल्या एका पोरीसाठी इचारतंय, ती सध्या म्हायारी इली आसा.

खाडीकाठ

बाय, बरं केलंस विचारलंस. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात हे खरं, पण त्या नेहमीच्याच, न अडवणाऱ्या. त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. उलट त्यामुळे एक घोटाळा होतो: लागण नसलेल्या बाळाची साधी चाचणीही दीड वर्षापर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण पट्टी आईच्याच अँटिबॉडी धरते. घरचे घाबरतात, सुनेला बोल लावतात. म्हणून बाळाची वेगळी तपासणी असते, सहा आठवड्यांनी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन विषाणूचं जनुकच शोधतात. त्या पोरीला हे आधीच सांगून ठेव.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे गोळ्या. काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला लागण व्हायचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. आईने गोळ्या नियमित घेतल्या आणि बाळाला सांगितलेलं औषध दिलं तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. माहेरी आलीय म्हणून गोळ्यांत एक दिवसाचाही खंड नको. जवळच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, कार्ड दाखवून बोलायला सांग.

सुरूचंबन

बाळांवरून एक भर. लागण झालेल्या काही बाळांत जबरदस्त अँटिबॉडी मोठ्या माणसांपेक्षा लवकर तयार होतात, वर्षा-दोन वर्षांतच, आणि तेही जनुकात फार बदल न होता. नैरोबीच्या एका बाळातली अशी अँटिबॉडी २०१६ मध्ये जाहीर झाली. दिल्लीच्या एम्समध्ये कल्पना लुथरा यांच्या गटाने भारतीय मुलाच्या रक्तातून एम्स-पी०१ वेगळी केली, ती एन३३२ च्या भागावर बसते. लस बनवणाऱ्यांना यात मोठी आशा वाटते, कारण कमी बदलांत पोचणारी वाट शिकवायला सोपी.

मिरग

आमच्याकडे एक वैद्य काढा देतात, प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात. अँटिबॉडी वाढवायचाच प्रश्न असेल तर काढा का चालू नये? अनादर करत नाही, खरंच विचारतोय.

खाडीकाठ

विचारलंत ते चांगलं केलंत. अँटिबॉडी कमी पडतात म्हणून हा आजार होतो असं नाही. उपचार नसलेल्या रुग्णाच्या रक्तात एचआयव्हीविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर असतात. अडचण त्यांच्या संख्येची नाही, त्या कुठे बसतात त्याची आहे. सगळ्याच दुप्पट केल्या तरी चुकीच्या जागी बसणाऱ्याच दुप्पट होणार. काढ्याने व्हीआरसी०१ तयार होत नाही. काढा घ्यायचा तर केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्या, काही वनस्पती औषधांच्या आड येतात. पण त्याच्यासाठी गोळी सोडलेली माणसं मी परत येताना पाहिलीत, सीडी४ पेशींची संख्या घसरलेली, टीबी जडलेला. हे मी फार कळकळीने लिहितेय.

नाखवा

कधी लिहीत नाही, आज लिहितो. आमच्या बोटीवरचा एक खलाशी गोळ्यांवर होता. १ ऑगस्टला बंदी उठली की आम्ही समुद्रात, कधी कधी पंधरवडा बाहेर. बोटीवर गोळ्यांची बाटली दिसली तर लोक विचारतील म्हणून त्याने ती घरीच ठेवली. त्याला वाटलं, आता रिपोर्ट चांगला आलाय, विषाणू दिसत नाही, म्हणजे शरीराने जिंकलं. हंगाम संपेपर्यंत हाडाचा सापळा झाला होता. आता परत गोळ्या घेतो, बरा आहे, माझ्याच बोटीवर आहे. गोळ्या माझ्या केबिनमध्ये असतात. विचारायचं एवढंच, रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नव्हता तर तो परत आला कुठून?

खाडीकाठ

नाखवा, तुम्ही त्याला ठेवून घेतलंत, गोळ्या स्वतःजवळ ठेवल्यात, याबद्दल काय बोलू! असं करणारे मालक मला फार भेटले नाहीत.

उत्तर वर हर्णैकर दादांना दिलंय त्यातच आहे. विषाणूचा डीएनए काही पेशींच्या डीएनएत झोपून असतो. गोळ्या नवे विषाणू बनू देत नाहीत, म्हणून रक्तात काही दिसत नाही, आणि तसं कायम राहिलं तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागणही होत नाही. पण झोपलेल्या पेशी तशाच असतात. गोळी थांबली की काही आठवड्यांत त्यातली एखादी जागी होते. त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी तेव्हाही होत्याच, त्यांनी काही केलं नाही, कारण त्या न अडवणाऱ्यांतल्याच. बोटीवर जाण्याआधी केंद्रात सांगा की हा मच्छीमार आहे, हंगामभर बाहेर असतो. तब्येत स्थिर असेल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. कुणी आजारावरून कामावरून काढतो म्हणाला तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार ते चालत नाही.

नाखवा

हे माहीत नव्हतं. जुलैत जाऊन विचारतो. सुरूचंबन मुली, त्या झोपलेल्या पेशींना तुमच्या अँटिबॉडी धरू शकतात का?

सुरूचंबन

काका, झोपलेली पेशी उंचवटी दाखवत नाही, म्हणून तेव्हा नाही. ती जागी झाली आणि पृष्ठभागावर उंचवटी आली की अँटिबॉडी तिला धरू शकते, आणि दुसऱ्या पेशींना बोलावून मारवूही शकते. म्हणून आधी औषधाने पेशी जागी करायची आणि मग अँटिबॉडी द्यायची, असे प्रयोग चालू आहेत. काही रुग्णांत दोन अँटिबॉडी एकत्र देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवल्या तेव्हा विषाणू परत यायला बराच उशीर लागला. पण ते दर आठवड्याला रक्त तपासून केलेलं संशोधन आहे. तुमच्या माणसाने गोळी सोडायची नाही.

पांदीवरची

पोरीक सांगलंय. उद्या तिका घेवन केंद्रात जातंय.